सीजीपीए ६.५२ म्हणजे किती टक्के? एका सूत्रावर अडलेली शिष्यवृत्ती

मागच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यासाठी टेबल लावलं होतं. एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि आम्ही दोघं कार्यकर्ते. अभियांत्रिकीची पदवी झालेली एक मुलगी कागदपत्रांची फाईल घेऊन आली. तिला परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता, अट किमान ६० टक्क्यांची. तिच्या गुणपत्रिकेवर टक्के नव्हतेच. सीजीपीए ६.५२, एवढंच छापलेलं. आम्ही दहाने गुणलं, ६५.२ टक्के लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला. पडताळणीत विद्यापीठाचं टक्केवारी रूपांतराचं प्रमाणपत्र मागितलं गेलं. ते आणलं तर त्यावर ५७.७० टक्के. अर्ज बाद.

हा हिशेब चुकीचा भरणारा हात माझा होता, म्हणून हे लिहितो आहे. मुलगी चार वर्षं कुठेही नापास झाली नव्हती. घरातली पहिली इंजिनिअर. तिच्या शेजारच्या विद्यापीठात सीजीपीएला सरळ दहाने गुणतात. तिथे शिकली असती तर हाच ६.५२ आकडा ६५.२ टक्के ठरला असता आणि अर्ज पुढे गेला असता. तिच्या विद्यापीठात आधी पाऊण वजा करून मग दहाने गुणतात. अभ्यास तेवढाच, पेपर तेवढेच, आणि सात टक्क्यांहून जास्त फरक.

आपल्या चळवळीत शिष्यवृत्तीवर बोलणं होतं ते रक्कम वेळेवर मिळत नाही, पोर्टल बंद पडतं, उत्पन्नाचा दाखला अडतो, या गोष्टींवर. त्या खऱ्याच आहेत. पण आता पात्रतेची अट ज्या आकड्यावर तपासली जाते तो आकडा कसा तयार होतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. नवीन शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. म्हणजे आज बीए, बीकॉम, बीएस्सीला बसलेलं आपल्या वस्तीतलं जवळपास प्रत्येक पोर श्रेयांकाच्या गणितात आहे. त्याच्या आईवडिलांच्या काळात ८०० पैकी किती, एवढा एक भागाकार होता. आता तसा नाही.

गणित मुळात अवघड नाही. प्रत्येक विषयाला श्रेयांक म्हणजे क्रेडिट असतात, चार, दोन वगैरे. यूजीसीच्या पद्धतीत एका श्रेयांकाला सत्रभरात साधारण १५ तासांचं शिकवणं किंवा ३० तासांचं प्रात्यक्षिक धरलेलं असतं. गुणांवरून श्रेणी मिळते आणि श्रेणीला अंक: ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास म्हणजे शून्य. मग प्रत्येक विषयाचा श्रेणी-अंक त्याच्या श्रेयांकाने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण श्रेयांकांनी भागायचं. याला भारित सरासरी म्हणतात. ज्या विषयाचं वजन जास्त, त्याचा ओढा जास्त. एका सत्राची आली ती एसजीपीए, सगळ्या सत्रांची आली ती सीजीपीए.

आता खरं उदाहरण घेऊ. राज्य सरकारच्या एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयातल्या आराखड्यात पहिल्या सत्राला २२ श्रेयांक आहेत. मुख्य विषयाचे सहा (एक चार श्रेयांकांचा पेपर, एक दोनचा), खुल्या निवडीच्या विषयांचे चार, आणि बाकी दोन-दोन श्रेयांकांचे तुकडे: व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवर्धन, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रम. पुढे विद्यापीठागणिक थोडा फरक झाला आहे, पण सांगाडा हाच. एकूण दहा विषय.

समजा एका मुलीला चार श्रेयांकांच्या मुख्य पेपरात बी म्हणजे ६ आणि सहअभ्यासक्रमात ओ म्हणजे १० मिळाले. उरलेल्या आठ विषयांत, जे सगळे दोन श्रेयांकांचे आहेत, तिला ७, ८, ८, ७, ८, ५, ९, ७ असे अंक आहेत. दहा आकड्यांची साधी सरासरी काढली तर ७.५ येते. बहुतेक मुलं मोबाईलवर हीच काढतात आणि खूश होतात. पण भारित हिशेबात मुख्य पेपरचे ६ गुणिले ४ म्हणजे २४, सहअभ्यासक्रमाचे १० गुणिले २ म्हणजे २०, बाकी आठांची बेरीज ५९ गुणिले २ म्हणजे ११८. एकूण १६२ भागिले २२, म्हणजे ७.३६.

तिच्या मैत्रिणीला हेच दहा आकडे मिळाले, फक्त मुख्य पेपरात १० आणि सहअभ्यासक्रमात ६. तिची बेरीज ४० अधिक १२ अधिक ११८, म्हणजे १७०, आणि एसजीपीए ७.७३. श्रेण्या त्याच, जागा बदलल्या, आणि टक्क्यांत साडेतीनपेक्षा जास्त फरक पडला. चार श्रेयांकांच्या पेपरात एक श्रेणी वर चढणं हे दोन श्रेयांकांच्या पेपरात दोन श्रेणी चढण्याएवढं असतं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुठला विषय आधी उघडायचा, याचं उत्तर इथून मिळतं.

याची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या २२ पैकी मुख्य विषयाचे फक्त सहा श्रेयांक आहेत. सोळा श्रेयांक, म्हणजे जवळपास पाऊण हिस्सा, अशा विषयांना आहे ज्यांना आपली मुलं 'साईडचे विषय' म्हणतात आणि सोडून देतात. सकाळी डिलिव्हरीचं काम करून अकराला कॉलेज गाठणाऱ्या मुलाला एनएसएसचं शिबिर, सांस्कृतिक कार्यक्रम, क्रीडा तास या चैनीच्या गोष्टी वाटतात. त्याचं वाटणं मला समजतं. पण सहअभ्यासक्रमाच्या दोन श्रेयांकांत तो काठावर पास झाला आणि ४ अंक मिळाले, तर ओ मिळालेल्या मुलाच्या तुलनेत त्याचे बारा अंक गेले. चार श्रेयांकांच्या मुख्य पेपरात तीन श्रेणी वर जाऊन ते भरून काढावे लागतात.

शिवाय या छोट्या विषयांचं बरंचसं मूल्यमापन महाविद्यालयाच्या आत होतं. प्रकल्प, तोंडी परीक्षा, उपस्थिती, सादरीकरण. लेखी पेपरवर निदान बैठक क्रमांक असतो, तोंडी परीक्षेला समोर चेहरा आणि आडनाव असतं. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीच्या २००७ च्या अहवालात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेतल्या वागणुकीबद्दल, जात विचारली जाण्याबद्दल सांगितलेलं नोंदवलेलं आहे. प्रत्येक कॉलेजात तसंच होतं असं मी म्हणत नाही, आपल्या मुलांना मनापासून शिकवणारे प्राध्यापक मीही पाहिले आहेत. पण अंतर्गत गुणांचं वजन वाढतं तेव्हा त्या गुणांची कारणं लेखी मागण्याची सवयही वाढायला हवी. गुण फलकावर लागतात त्याच दिवशी बघायचे, वहीत लिहून ठेवायचे, पटले नाहीत तर विभागप्रमुखांकडे अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची. सत्र संपून गुण विद्यापीठाकडे गेल्यावर कुणी ऐकत नाही.

नापास विषयाचंही सांगायला हवं. वरच्याच मुलीचा मुख्य पेपर राहिला तर ६ च्या जागी शून्य येतं. भागाकारातले २२ मात्र तसेच राहतात. १३८ भागिले २२, म्हणजे ६.२७. एटीकेटी सुटल्यावर हिशेब नव्याने होतो, पण तोपर्यंत त्या वर्षीच्या अर्जाची मुदत निघून गेलेली असते.

सत्रांची सरासरी काढतानाही गल्लत होते. प्रत्येक सत्राचे श्रेयांक सारखे असतील, तर एसजीपीएंची साधी सरासरी चालते. नसतील तर चालत नाही. एका सत्राला २० श्रेयांक आणि ८.२, दुसऱ्याला २६ श्रेयांक आणि ६.४ असेल तर साधी सरासरी ७.३० दिसते, खरी ७.१८ असते. अर्जात ७.३० लिहिलं आणि गुणपत्रिकेवर ७.१८ आहे, तर तपासणाऱ्याच्या नजरेत ती खोटी माहिती ठरू शकते.

आता टक्केवारीच्या रूपांतराकडे येऊ, कारण आमच्या टेबलावरच्या मुलीचा अर्ज तिथेच पडला.

सीजीपीएचे टक्के करण्याचं देशभर एक सूत्र नाही. कुठे दहाने गुणतात. कुठे ९.५ ने गुणतात. हे ९.५ आलं कुठून ते बघण्यासारखं आहे. सीबीएसईने दहावीला श्रेणीपद्धत आणली तेव्हा ९१ ते १०० गुणांच्या गटातल्या मुलांचे सरासरी गुण काढले, ते ९५ च्या आसपास आले, त्याला दहाने भागून ९.५. शाळेच्या एका मंडळाच्या दहावीच्या निकालावरून काढलेला हा आकडा. पदवीच्या अभ्यासक्रमाशी त्याचा काडीचा संबंध नाही, तरी इंटरनेटवर सगळ्यात आधी तोच सापडतो आणि आपली मुलं तो पदवीच्या सीजीपीएला लावतात. एआयसीटीईच्या नियमपुस्तिकेतला तक्ता वेगळाच आहे: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. पाऊण वजा करून दहाने गुणणं ते हेच. काही विद्यापीठांनी आणखी स्वतःची सूत्रं केली आहेत, त्यातही अभ्यासक्रम कुठल्या वर्षाचा यावरून सूत्र बदलतं.

समजा सीजीपीए ६.५ आहे. पहिल्या सूत्राने ६५ टक्के, दुसऱ्याने ६१.७५, तिसऱ्याने ५७.५. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीला किमान ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर अशा सगळ्यांना मिळून देशभरात वर्षाला १२५ जागा. ६.५ वाला मुलगा दोन सूत्रांनी आत आणि तिसऱ्याने बाहेर.

खालच्या पायरीवरही तेच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत किमान ५० टक्के गुण किंवा त्या प्रमाणात सीजीपीए अशी अट असते. 'त्या प्रमाणात' हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. एका सूत्राने ते प्रमाण ५.०० होतं, दुसऱ्याने ५.२६, तिसऱ्याने ५.७५. वसतिगृहात जागा न मिळालेल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाचं वर्षभराचं जेवण-भाडं त्या पाऊण अंकात आहे. नेटसाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या गटाला ५५ आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ५० टक्के लागतात. राखीव गटाला मिळालेली ती पाच टक्क्यांची सवलत संविधानाच्या आधाराने मिळाली. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातलं एक सूत्र सीजीपीएतून त्याहून जास्त टक्के वजा करू शकतं, आणि त्याबद्दल कधी मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

सगळ्यात मोठी उडी चौथ्या वर्षाला आहे. चार वर्षांच्या पदवीत 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायचं तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. पीएचडीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जायचं तरी ७५ टक्के, राखीव गटांना पाच टक्के सवलत. एक मुलगा कल्पा. पहिल्या वर्षी इंग्रजीने दमवलं, दुसऱ्या वर्षी काम करत शिकला, चार सत्रांची सरासरी ६.८. सहा सत्रांची ७.५ व्हायला त्याला उरलेल्या दोन सत्रांत ८.९ लागतील. अवघड आहे, पण जिद्दीचा असेल तर मिळवेल. त्याच्या विद्यापीठात पाऊण वजा करण्याचं सूत्र असेल तर ७५ टक्क्यांना ८.२५ लागतात, आणि उरलेल्या दोन सत्रांत त्याला प्रत्येकी ११.१५ मिळवावे लागतील. दहापैकी! म्हणजे दुसरं वर्ष संपलं त्याच दिवशी ते दार बंद झालं आणि त्याला कुणी सांगितलंही नाही. तो पुढचं वर्षभर आशेवर अभ्यास करत राहील.

काहीजण म्हणतात, टक्के गेले आणि श्रेणी आली हे बरं झालं, एकेका गुणासाठीची मारामारी संपली. मला ते पूर्ण पटत नाही. समजा ६० ते ६९ गुणांना ७ हा अंक आहे. प्रत्येक विषयात ६० मिळवणाऱ्याचा सीजीपीए ७ आणि प्रत्येक विषयात ६९ मिळवणाऱ्याचाही ७. दुसऱ्याची नऊ टक्क्यांची मेहनत श्रेणीत विरली. वर पाऊण वजा झाली की त्याच्या हातात ६२.५ टक्के राहतात, प्रत्यक्ष गुण ६९ टक्के असताना. एकेका गुणाची मारामारी संपलेली नाही, ती ६९ आणि ७० च्या सीमेवर जाऊन बसली आहे. म्हणून ज्या विषयात श्रेणी एक-दोन गुणांनी हुकली आहे तिथे उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचे पैसे घालावेत. श्रेणीच्या मधोमध असलेल्या विषयात चार गुण वाढले तरी उपयोग शून्य. पैसे मोजून मागायचं तर हे बघून मागावं.

इथे एक जुना आकडा आठवतो. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. ३७.६ टक्के. केळुस्कर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांकडे नेलं, महाराजांनी प्रश्न विचारले, मुलगा पारखला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. आजच्या पोर्टलवर ३७.६ हा आकडा भरला तर पुढचं पान उघडणार नाही. सरकारला हजारो अर्जांतून निवड करायची असते, कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. निदान ती रेघ सगळ्यांसाठी एकाच जागी असावी.

तशी ती व्हायची तर मागण्या नेमक्या हव्यात. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत टक्क्यांसोबत सीजीपीएची अटही आकड्यात छापावी, 'त्या प्रमाणात' हे शब्द काढावेत. प्रत्येक विद्यापीठाने रूपांतराचं सूत्र गुणपत्रिकेच्या मागे छापावं. रूपांतराचं प्रमाणपत्र ऑनलाईन आणि विनाशुल्क द्यावं, आणि प्रत्यक्ष गुणांची बेरीज उपलब्ध असेल तर राज्याच्या योजनांत विद्यार्थ्याच्या हिताची असलेली टक्केवारी धरावी. यात सरकारी तिजोरीवर नवा बोजा फारसा पडत नाही, म्हणून टाळायला कारणही कमी आहे. सूत्र कधी, कुठल्या विद्या परिषदेच्या ठरावाने आलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. विद्यार्थी संघटनांनी आपापल्या विद्यापीठाकडे हा एक अर्ज टाकला, तर राज्याचा तक्ता दोन महिन्यांत तयार होईल.

तोवर आम्ही आमच्या टेबलावर पद्धत बदलली आहे. अर्ज भरायला येणाऱ्याला पहिला प्रश्न गुणपत्रिकेच्या मागच्या पानाचा. तिथे सूत्र नसेल तर आधी रूपांतर प्रमाणपत्राचा अर्ज, मग शिष्यवृत्तीचा. आणि पदवी संपलेल्यांची वाट न बघता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बोलावतो. एका कागदावर त्यांचे विषय, श्रेयांक, श्रेणी लिहून घेतो, सीजीपीए काढतो, त्यांना जिथे जायचं आहे तिथली अट बाजूला लिहितो आणि उरलेल्या सत्रांत किती लागतील ते आकड्यात दाखवतो.

त्या अभियांत्रिकीच्या मुलीचाही हिशेब आम्ही नंतर बसून केला. ६० टक्क्यांसाठी तिला ६.७५ हवे होते, ०.२३ कमी पडले. १६० श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात ते जवळपास ३७ अंक होतात. शेवटच्या वर्षाच्या ४० श्रेयांकांत प्रत्येक विषयात फक्त एक श्रेणी वर गेली असती तर ४० मिळाले असते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हे कुणी सांगितलं असतं तर जमलं असतं, असं ती म्हणाली. आता ती नोकरी करते आणि रविवारी आमच्या टेबलावर बसते. संलग्न महाविद्यालयांतली २०२४-२५ ची तुकडी २०२७ मध्ये तीन वर्षं पूर्ण करेल. त्यातल्या आमच्या वस्तीतल्या मुलांची यादी सध्या तीच करते आहे.